लेपाखालचं पाणी

प्रिय बगळ्या,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू मला ओळखलं असशील, आणि ओळखल्यावर पाकीट न फोडता दोन दिवस खिशात घेऊन हिंडला असशील. हिंड. नऊ वर्षं थांबलेल्या माणसाला दोन दिवसांचं काय कौतुक. पत्ता तुझ्या बहिणीकडून मिळवला. तो देताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात खडू मागणाऱ्या पोराकडे पाहतो: देते बापडी, पण तुम्ही त्याचं काय करणार ते मला ठाऊक आहे. तिच्याकडूनच कळलं की तू कुठल्याशा गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या डकवतोस, आणि घरातली खुर्ची डुगडुगली तरी सुताराला बोलावतोस. ब्रशला म्हणे हात लावत नाहीस. अरे, तू पॉलिश केलेल्या टेबलात बघून लोक भांग पाडायचे! पाण्याच्या काठी तासन्‌तास एका पायावर उभा राहतोस म्हणून दादाने तुला बगळ्या केलं, आणि मी मागे सावलीत व्याकरण घेऊन बसतो म्हणून तू मला शास्त्रीबुवा केलंस. दादाला मात्र कुणी टोपणनाव ठेवलं नाही. माझा सख्खा भाऊ, पण तुझाही दादाच होता तो.

आधी बातम्या. माझे केस गेले, दात आहेत. यंदा शाळेत संस्कृत घेणारी मुलं सात. त्यांतली चार गुणांसाठी आली, दोन आईच्या धाकाने, आणि एक मुलगी चुकून. ती चुकून आलेलीच काय ती हुशार निघाली. मी अजून वरच्या खोलीत राहतो, खाली वहिनी आणि दादाची भिंगरी. वहिनींचे गुडघे कुरकुरतात, त्या नाहीत. दोन्ही वेळचं जेवण मला खालून मिळतं, आणि त्याबद्दल मी त्यांना व्याकरणशुद्ध टोमणे पुरवतो, असा आमचा व्यवहार सुरळीत चालू आहे.

भिंगरी तू गेलास तेव्हा चौदाची होती, दारं आपटत चालायची. आता तेवीस पूर्ण. यंत्रांच्या कारखान्यात नकाशे काढते आणि दारं अजून आपटते. आणि बगळ्या, बस खाली आधी. ती होडी बांधते आहे. दादाच्याच शेडमध्ये, त्याच दोन लाकडी घोड्यांवर फळ्या टाकून. मी म्हटलं, बाई गं, जगात दुसरे छंद नाहीत का? तर म्हणाली, काका, बाबा जिन्यावरून पडून गेले असते, तर आपण जन्मभर तळमजल्यावर राहिलो असतो का? हिला तर्कशास्त्र मी शिकवलं. आपलंच खाऊन आपल्यालाच शिंगं मारतात, ती अशी.

होडी उभी आहे. देखणी झाली आहे. फक्त लाकडात पाणी शिरू न देणारा लेप राहिलाय, आणि पुढच्या महिन्यात ती तिला पाण्यात घालणार आहे, पहिल्या दिवशी एकटीच जाणार आहे. लेप कुणी द्यायचा, हा प्रश्न तिने परस्पर सोडवला: काका देतील. मी ताटावरून उठायच्या बेतात होतो. वहिनी आमटीच्या वाटीकडे बघत म्हणाल्या, भावजी, लेप तेवढा नीट बसला पाहिजे हं. बस, एवढंच. पण बगळ्या, तो आवाज मला माहीत होता, आणि तुलाही आहे. तलावाच्या काठावर, दादाला बाहेर काढल्यानंतर, पंचनाम्याला आलेल्या साहेबाने विचारलं होतं की होडी कशी फुटली, तेव्हा याच आवाजात त्या म्हणाल्या होत्या, ज्याने लेप दिला त्याला विचारा. तू चार पावलं मागे उभा होतास, पळत आलेला. साहेबाने फुटकी फळी बोटाने टोकरली, आतला भुगा काढून दाखवला आणि निकाल दिला की वरून लेप शाबूत आहे, आत लाकूड कुजलंय. म्हणजे लाकूड ओलं असतानाच लेप दिला. तू म्हणालास, असेल. दादाला घाई होती, मी अजून दोन दिवस फळ्या वाळू द्यायला हव्या होत्या. त्या एका ‘असेल’वर तू गाव सोडलंस.

तर भिंगरीने लेपासाठी मला का निवडलं, ते सांगतो. तुला हसू येईल. मी लाकडी मासे करतो हल्ली. म्हणजे करत नाही, दादाचे पुरे करतो. होडीसाठी शेड रिकामी करताना खिळ्यांच्या फळीमागे बिस्किटांचा जुना डबा सापडला. आत अकरा मासे. खऱ्या माशांना भुलवायला गळाच्या दोरीला बांधून पाण्यातून ओढायचे ते, बोटभर लांबीचे, तासून गुळगुळीत केलेले, पण कोरे. ना रंग, ना कड्या, ना लेप. प्रत्येकाच्या पोटावर दादाने पेन्सिलीने शिसं कुठे भरायचं ती खूण केली होती. सातव्याच्या पोटावर खुणेशेजारी एक ‘ब’ होता. तो तुझा. तुझा वाढदिवस जवळ होता त्या वेळी.

डबा मी वर आणला आणि आठवडाभर त्याच्याकडे बघत काढला. वर्गात मी मुलांना सांगतो की संस्कृतात भूतकाळ तीन तऱ्हांनी सांगता येतो, आणि त्यांतला एक फक्त अशा गोष्टींसाठी राखून ठेवलाय, ज्या बोलणाऱ्याने डोळ्यांनी पाहिल्याच नाहीत. मुलं विचारतात, सर, मग मराठीत का नाही? मी म्हणतो, मराठी माणसाला त्याची गरज पडत नाही, तो न पाहिलेलंही पाहिल्यासारखंच सांगतो. मुलं हसतात. त्या आठवड्यात मला जाणवलं की दादाबद्दल मी नऊ वर्षं नेमकं उलटं करत आलो. पाहिलेलं, न पाहिल्यासारखं सांगत आलो.

असो. आठव्या दिवशी शेडमध्ये उतरलो. कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने दादाने लिहिलेले नियम अजून आहेत. ‘आधी भोक, मग लेप. नंतर भोक पडलं तर त्यालाही लेप. विसरू नये.’ त्यातला एक उकार आणि एक वेलांटी मी कधीकाळी लाल पेन्सिलीने सुधारली होती, ती लालीही आहे. वाक्य तपासलं होतं, अर्थाकडे लक्ष दिलं नव्हतं. आमच्या धंद्यात असं होतं.

कामाची पद्धत तुला काय सांगायची, पण मला ती हातांनी शिकावी लागली, म्हणून सांगतो. मासे आधी खिडकीत चार दिवस उन्हात वाळवले. काचकागदाने घासले. शिशासाठी पोटात आणि कड्यांसाठी तोंडात, पोटात, शेपटीत भोकं पाडली. मग पातळ केलेल्या लेपात बुडवले. दुकानदार त्याला सीलर म्हणतो, पण दादाच्या कपाटासमोर मला तो शब्द उच्चारवेना. पहिल्या बुडीनंतर लाकूड वाळलं की अंगावर लव उभी राहते, माणसाच्या अंगावर काटा येतो तशी. ती घासायची, पुन्हा बुडवायचं, पुन्हा घासायचं. तिसऱ्यांदा लव उठत नाही. लाकडाने हार मानलेली असते. मग पांढरा हात, मग रंग, मग वरचा जाड, चकचकीत लेप, आणि तो ओघळू नये म्हणून मासे चाकाला टांगून फिरवत ठेवायचे. चाक दादाचंच, जुन्या पंख्याच्या मोटरीवर बसवलेलं. ते अजून चालतं. फार सावकाश फिरतं आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा कुर्र करतं.

पहिला मासा लेपात बुडवला तेव्हा त्यातून बुडबुडे आले. येतातच. लाकडाच्या शिरांत हवा असते, लेप आत शिरला की ती बाहेर पडते. मी शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सरांना मुद्दाम विचारलं, की डब्यात नऊ वर्षं पडलेल्या लाकडात नऊ वर्षांपूर्वीची हवा असू शकते का. ते म्हणाले, शास्त्रीबुवा, कोऱ्या लाकडात हवा येत-जात राहते, तुम्ही जरा लवकर झोपत जा. पटलं. तरी बुडबुडे थांबेपर्यंत मी श्वास धरून बसलो होतो, आणि बगळ्या, ते माझ्यापेक्षा जास्त वेळ चालले. त्यानंतर प्रत्येक मासा बुडवताना मी दाराकडे पाठ करून बसलो नाही. दार समोर दिसेल असा बसू लागलो.

आणि एक दुपार. मी घासत होतो. तुला आठवत असेल, दादाची घासायची एक लय होती: दोन लांब, एक आखूड, मग फुंकर. माझी वेगळी असेल असं मला वाटत होतं. शेडचं दार उघडं होतं आणि स्वयंपाकघराची खिडकी त्याच्या समोर. आतून वहिनींनी हाक मारली, अहो, जेवायला या, पानं घेतलीत. मला त्या भावजी म्हणतात. पंचवीस वर्षांत चुकूनही अहो म्हणाल्या नाहीत. माझा हात थांबला. तिकडे भांड्याचा आवाज होता, तोही थांबला. खिडकीतून त्या मला दिसत नव्हत्या, मी त्यांना दिसत नव्हतो, आणि मधल्या अंगणात जे कोण उभं होतं ते आम्हा दोघांनाही दिसत नव्हतं. ती शांतता अशी होती की तिच्यापेक्षा घासणं बरं. मी पुन्हा घासायला लागलो. दोन लांब, एक आखूड, फुंकर. जेवायला गेलो तेव्हा ताट वाढलेलं होतं आणि वहिनी मागच्या खोलीत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या जेवायची वेळ झाली की भिंगरीला पाठवतात.

रंग भरून झाले. डोळे मात्र काढले नाहीत. दादा डोळा सगळ्यांत शेवटी काढायचा, म्हणायचा, डोळा आला की तो बघायला लागतो. मला इतक्यात कुणी बघायला नको होतं. अकरा आंधळे मासे चाकावर फिरत होते, कुर्र, कुर्र, आणि भिंगरी होडीच्या कडा घासता घासता म्हणायची, काका, तुमचे हे विद्यार्थी तुमच्या वर्गातल्यांपेक्षा शहाणे दिसतात, एकही जांभई देत नाही.

आता सातव्या माशाचं. तुझ्या. त्याच्या शेपटीला भोक पाडायचं मी विसरलो होतो, ते सगळे लेप झाल्यावर लक्षात आलं. मग बारीक भोक पाडून कडी पिळून बसवली. कडीने भोक गच्च भरलं, म्हटलं झालं. दादाची रीत अशी, की प्रत्येक मासा बादलीत चार दिवस तरंगवून बघायचा. पहिले दोन दिवस तो सरळ तरंगला. तिसऱ्या दिवशी शेपूट किंचित खाली. चौथ्या दिवशी तो उभा होता, तोंड तेवढं वर, जसा कुणी बुडताना असतो. बाहेरून बघशील तर निर्दोष. एक तडा नाही, रंगाचा एक पापुद्रा सुटलेला नाही, तसाच चकचकीत. मी तो शिकंज्यात धरून करवतीने उभा कापला. माफ कर. आत, शेपटीच्या भोकापासून पोटापर्यंत, लाकडाच्या शिरेबरोबर एक काळी रेघ गेली होती. बोट लावलं तर ओलं. पाणी त्या एवढ्याशा भोकातून आत गेलं होतं, आणि चारी बाजूंनी लेप इतका पक्का होता की त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. मी जमिनीवर बसलो. भिंगरीने विचारलं, काका, काय झालं? मी म्हटलं, गुडघा. मला गुडघ्यांचं दुखणं नाही, तिला ते माहीत आहे.

बगळ्या, माझी छत्री आठवते? तुम्ही दोघं तासन्‌तास गळ टाकून बसायचात आणि मी होडीच्या मागच्या टोकाला उन्हात पुस्तक धरून भाजायचो. होडी तयार होऊन वर्ष झालं होतं. एका सुट्टीत, तुम्ही दोघं गावात नसताना, मी लोहाराकडून एक लोखंडी चकती आणली, मधोमध नळीचा तुकडा असलेली, आणि ती होडीच्या तळाला मागच्या कोपऱ्यात चार स्क्रूंनी बसवली. नळीत छत्रीचा दांडा. पहिला स्क्रू वाकडा गेला, तो काढला आणि शेजारी दुसरं भोक पाडलं. रिकाम्या भोकात कपड्यांच्या साबणाचा तुकडा कोंबला आणि वर चकती आली. मला त्या कारागिरीचा इतका अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मी छत्री उघडून, पुस्तक उघडून, होडीत आधीच जाऊन बसलो होतो. तू हसून लोळलास. दादा म्हणाला, वा शास्त्रीबुवा, छत्र आलं, आता सिंहासन कधी? आणि मग त्याने विचारलं, तुझ्यासमोर विचारलं, भोकांना लेप दिलास ना रे? मी पानावरून डोळे न उचलता हो म्हणालो. प्रश्न ऐकला होता. लेपाचा डबा उघडायचा कंटाळा केला होता, तेही लक्षात होतं. पण वाक्य अर्ध्यावर होतं, आणि दादा पुन्हा विचारणारा नव्हता. माझ्या शब्दावर त्याने कधी दुसरा प्रश्न विचारला नाही.

त्यानंतर दोन वर्षं आपण तिघं त्या फळीवर पाय ठेवून बसलो. तुझा लेप इतका चांगला होता की आत काय चाललंय ते त्याने कुणाला कळू दिलं नाही. लाकूड वाळलेलं होतं, बगळ्या. ठणठणीत वाळलेलं होतं.

हे सगळं मला त्या माशामुळे कळलं, असं लिहून मी सुटू शकलो असतो. पहिल्या खर्ड्यात तसंच लिहिलं होतं. तो फाडला. कारण होडी काठावर ओढून आणली तेव्हा तू आणि वहिनी अजून पोचला नव्हतात, साहेब यायचा होता, आणि मी तिच्याजवळ एकटा होतो. मागचा कोपरा फुटला होता. चकती तिथेच लोंबत होती, फळीच्या तळहाताएवढ्या तुकड्याला धरून. मी ती ओढून काढली आणि कोटाच्या खिशात घातली. त्या क्षणी स्वतःला सांगितलं, की अशा वेळी छत्रीची बैठक लोकांना दिसली तर हसू होईल, दादाचं हसू नको व्हायला. नऊ वर्षं हेच सांगत आलो. पण माझा भाऊ चार हातांवर झाकलेला पडलेला असताना मी हसण्याची काळजी करत होतो, हे तुला खरं वाटतं का? मलाही नाही वाटत. नंतर साहेबाने भुगा काढून दाखवला, वहिनी ते वाक्य बोलल्या, तू ‘असेल’ म्हणालास, आणि माझा हात खिशात होता. चकतीच्या कडेने बोट कापलं होतं. मी ते कुणाला दाखवलं नाही.

मासा कापला त्या दिवशी वर येऊन शब्दकोशांच्या मागून ती काढली. लाकडाचा तुकडा अजून तिला चिकटलेला आहे. चार भोकांत गंजलेले स्क्रू, पाचवं रिकामं, आणि त्या पाचव्यापासून निघून तुकड्याच्या काठापर्यंत गेलेली काळी रेघ. मी ती माशाच्या रेघेशेजारी ठेवून पाहिली. शिकवणीतल्या पोराच्या उत्तराशेजारी पुस्तकातलं उत्तर ठेवून पाहावं, तशी.

भिंगरीला मी सांगितलंय की होडीला मी हात लावणार नाही, आणि तू येईपर्यंत तिनेही लावायचा नाही. का, ते तिला अजून सांगितलेलं नाही. आधी ज्यांना सांगायला हवं त्यांना तोंडाने सांगावं म्हणून तीन वेळा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, आणि तिन्ही वेळा मीठ मागून परत आलो. माझ्या खोलीत आता मिठाच्या तीन वाट्या आहेत. म्हणून हे पत्र. टपालपेटी वहिनींच्या सकाळच्या फिरण्याच्या वाटेवर आहे आणि माझी पत्रं नेहमी त्याच टाकतात. हे पाकीट मी न चिकटवता त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे, शेजारी ती चकती, आणि वर चिठ्ठी: वहिनी, आधी तुम्ही वाचा, मग टाकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तेव्हा हे तुझ्या हातात पोचलं असेल, तर एकही शब्द तुझ्याआधी त्यांच्या नजरेतून सुटलेला नाही, आणि ते तुला पाठवलंय त्यांनी, मी नव्हे. ज्याने लेप दिला त्याला त्यांनी विचारलंय, असं समज, आणि ये.

तुझाच, अजून म्हणू दिलंस तर,
शास्त्रीबुवा